मधेच थांबणाऱ्या बाई

बाईंना 'कशा आहात?' असं विचारायची चोरी होती. आपण हा प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. बाईंना मात्र वाटायचं, माणसाने विचारलंय म्हणजे त्याला खरंच कळायला हवंय. त्या हातातलं काम थांबवायच्या, डोळे बारीक करायच्या, आत कुठेतरी जाऊन बघून येतायत इतका वेळ गप्प राहायच्या आणि मग सांगायच्या, "गुडघा बराय. मन खराब हाय. सकाळपासनं भावजयीचा राग येतोय." शेजारचे शिंपी चाचा सायकल स्टँडवर नीट लावूनच हा प्रश्न विचारायचे. मी पहिल्याच आठवड्यात स्कूटी चालू करता करता विचारला आणि कामावर वीस मिनिटं उशिरा पोचले.

भोरमध्ये नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत बाईंचं तीन खोल्यांचं घर होतं. त्यातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती. मी भाटघर धरणाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटी नर्स होते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा अकरा महिने. बाईही नर्सच, पण निवृत्त. त्यांची सगळी नोकरी वेल्ह्याकडच्या डोंगरात, गुंजवणेच्या आसपासच्या वाड्यांमधून पायी फिरण्यात गेली होती. लग्न केलं नव्हतं. आजोबांपासून ख्रिस्ती घराणं, पण बोलणं सगळं त्या वाड्यांचं. मी त्यांना 'बाई' म्हणायचे, कारण अख्खी गल्ली म्हणायची.

मी स्वभावाने घाबरट. गॅस बंद केला का, नळ सोडला का, औषधाचा डोस बरोबर लिहिला का, हे माझ्या डोक्यात दिवसभर चालू असतं. खोलीच्या दाराचं कुलूप लावून धरणापर्यंत गेलेली मी कितीतरी वेळा परत फिरून ते ओढून बघायला आले आहे. चार-पाच वेळा बघितल्यावर बाईंनी एका सकाळी कुलूप माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, हे बरोबरच घेऊन जा, म्हणजे बघायला परत यायला नको; दार उघडं राहू दे, मी आहे घरात. मला राग आला, पण कुलूप पर्समध्ये टाकून गेले. दिवस बरा गेला.

गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारी सकाळी त्यांतल्या एका घराच्या ओसरीवर उपासना भरायची. एकदा बाईंचा गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांना स्कूटीवरून सोडायला गेले आणि तिथेच बसले. गाणी सुरू झाली. बाईंचा आवाज खणखणीत होता, पण त्या एखाद्या ओळीला थांबायच्या, पुढची ओळ म्हणायच्या, पुन्हा दोन ओळी गप्प. मला वाटलं, शब्द आठवत नसतील. परत येताना विचारलं तर म्हणाल्या, शब्द सगळे पाठ आहेत. पण 'माझं सगळं तुला दिलं' असं म्हणायचं आणि दिलेलं काहीच नाही, तर ते कुणापुढे म्हणायचं? जेवढं खरं असेल तेवढंच म्हणते.

तिथल्या लोकांना सवय झाली होती. महिन्यातून एकदा पुण्याहून येणाऱ्या तरुण पाळकांना मात्र ते खटकायचं. रोजच्या प्रार्थनेत दुसऱ्यांना क्षमा केल्याचं जे वाक्य येतं, तिथे सगळी ओसरी एका सुरात बोलायची आणि बाई तोंड मिटून बसायच्या. नऊ वर्षं. कारण ती भावजय. बाईंची आई गेली तेव्हा तिने दोन दिवसांनी कळवलं होतं, माती झाल्यावर. पाळकांनी त्यांना एकदा बाजूला घेऊन समजावलं, की आधी तोंडाने म्हणावं, मन मागाहून येतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं येत असंल. माजं लई मागं राहतं. त्याला सोडून म्होरं जाता येत न्हाई मला."

पुढे कधीतरी एका रविवारी त्यांनी ते वाक्य म्हटलं. इतकी वर्षं तिथे गप्प राहायची सवय, त्यामुळे त्या सगळ्यांच्या मागे पडल्या आणि बाकीचे पुढच्या ओळीला पोचले असताना बाईंचा एकटीचा आवाज आला. लोक मागे वळून बघायला लागले. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलंच, काय झालं म्हणून. बाई म्हणाल्या, "काल फोन केला तिला. ती रडली न्हाई, मी बी न्हाई. पन कालपासनं राग हुडकतेय, घावत न्हाई." बिस्किट चहात बुडवता बुडवता सांगितलं त्यांनी हे.

घरातली त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी असायची. वेगळी वेळ नाही, वेगळी जागा नाही. भाकरी थापता थापता देवाशी बोलणं सुरू व्हायचं, ते शेजाऱ्याशी बोलावं तितक्या सहज. आणि मधेच थांबायचं. शिंपी चाचांच्या सुनेला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी ओट्याशी उभी होते. बाई म्हणत होत्या की प्रभू, तिला बरं कर, तिच्या लेकराकडं बघ. मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, थांब जरा, आत्ता माझं सगळं ध्यान भाजीत आहे, करपतीय ती. भाजी उतरवते आणि मग बोलते. भाजी उतरवली, हात पुसले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला हसू आवरेना. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बाई शांत आहेत, असं सगळे म्हणायचे. मला तसं कधी वाटलं नाही. त्या चिडायच्या, कुढायच्या, पेन्शनच्या कामाला गेल्या की कारकुनाशी भांडून यायच्या. पण त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट दडवलेली नव्हती, आणि हे मला तेव्हा कळलं जेव्हा माझ्याजवळ दडवायला काहीतरी आलं.

आता त्याच्याकडे येते. टाळायचं म्हटलं तरी बाईंबद्दल सांगताना हे टाळता येत नाही.

आमच्या केंद्रात लसी ठेवायचा फ्रीज होता. त्याचं तापमान दोन ते आठच्या मध्ये राहावं लागतं, आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ बघून वहीत लिहायचं असतं, रविवारी आणि सणालासुद्धा. तापमान आपोआप वर कळवणारं यंत्र होतं, पण ते बिघडून दुरुस्तीला गेलेलं. त्यामुळे वहीत आम्ही लिहू तेच खरं. फार्मासिस्ट रजेवर, म्हणून त्या महिन्यात फ्रीज माझ्याकडे होता. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी मी तो पुसून काढला आणि शनिवार-रविवारच्या चार नोंदी आदल्या दिवशीच लिहून टाकल्या. चार, पाच, साडेचार, चार. पाच एकदाच घातला, म्हणजे खरं वाटेल. आणि फलटणला आईकडे गेले.

सोमवारी सकाळी फ्रीज उघडला तर काटा उणे दोनवर. पुसताना बहुधा माझाच हात लागून तापमान कमी-जास्त करायचं बटण फिरलं होतं. मी ते घाईने परत फिरवलं. वहीत सोमवार सकाळच्या रकान्यात चार लिहिलं. लिहिताना अक्षर नेहमीसारखंच आलं, हे मला अजून आठवतं.

उष्णतेने लस खराब झाली तर बाटलीवरच्या खुणेचा रंग बदलतो. गोठून खराब झाली तर काहीच दिसत नाही. त्यासाठी बाटली हलवून ठेवायची आणि गाळ किती लवकर खाली बसतो ते बघायचं, एवढी साधी परीक्षा आहे. मला येत होती. मी केली नाही. केली असती तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं. गुरुवारी त्याच बाटल्या लसीच्या डब्यात घालून मी एका मोठ्या वाडीवर गेले आणि अकरा बाळांना घटसर्प, डांग्या खोकला वगैरेंची ती एकत्र लस टोचून आले. आया नेहमीसारख्या म्हणाल्या, "सिस्टर, ताप येईल का?" मी नेहमीसारखं सांगितलं, येईल थोडा, गोळी देते. परत आल्यावर उरलेल्या बाटल्या फ्रीजच्या अगदी तळाला, मागे सरकवून ठेवल्या. शनिवारी तालुक्यावरून नवीन साठा आला, तो पुढे ठेवला. पुढची सगळी सत्रं त्या नव्या साठ्यातून झाली.

नंतरचे तीन आठवडे कसे गेले ते सांगता येणार नाही. केंद्रात कुणी खोकलं की मी हातातलं काम सोडून ऐकत राहायचे. एखादी बाई कडेवर मूल घेऊन फाटकातून आत येताना दिसली की आधी बघायचे, ती वाडीवरची तर नाही ना. मी स्वतःला समजवायचे, की लस कदाचित गोठलीच नसेल, की पुढचे डोस आहेतच, की इतके दिवस खोऱ्यात डांग्या खोकला कुणी पाहिलेला नाही. प्रत्येक समजूत सकाळी पटायची आणि दुपारपर्यंत टिकायची नाही. सांगितलं तर नोकरी जाणार हे उघड होतं. वडिलांचं काम सुटलेलं, आई माझ्या पगारावर. जेवण तुटलं. माझी कुलपं ओढून बघायची सवय मात्र बंद झाली. कुलपाची भीती वाटायला मनात जागाच उरली नव्हती.

बाईंनी विचारलं नाही. 'काय झालंय गं?' असं त्यांनी एकदा विचारलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं आणि मोकळी झाले असते. शेवटी मीच एका संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. म्हटलं, बाई, माझ्यासाठी प्रार्थना करा. कामाचं टेन्शन आहे, मनाला शांतता नाही.

त्यांनी लसूण बाजूला ठेवला. माझा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. माझं नाव घेतलं. हिच्या मनाला, म्हणाल्या, आणि थांबल्या. पुन्हा नाव घेतलं, पुन्हा थांबल्या. मग डोळे उघडून हात सोडला आणि म्हणाल्या, नाही जमत, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर त्या नुसत्याच बसून राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मधी कायतरी आडवं हाय. तुज्यात हाय का माज्यात, म्हाईत न्हाई."

मला संताप आला. मी म्हटलं, तुमच्या देवाला इतकं काय लागतं? दोन शब्द म्हणायला काय जातं तुमचं? लोक नवस बोलतात, अंगारा लावतात, कुणी इतका हिशेब बघत नाही. तुम्हाला तर नुसतं शांती दे एवढंच म्हणायचं होतं. मी रडत होते की ओरडत होते, ते मला सांगता येणार नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग पाय पसरून भिंतीला टेकल्या आणि त्यांनी मला त्यांच्या तरुणपणातली एक गोष्ट सांगितली. तोपर्यंत त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती असं नाही. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना सांगून झाली होती.

त्या नवीन नोकरीला लागल्या होत्या. गुंजवणीचं धरण व्हायच्या आधीचे दिवस. ओढ्यापलीकडच्या वाडीवरून दुपारी दोन माणसं बोलवायला आली, बाळंतपण अडलंय म्हणून. बाईंनी त्यांना पुढे पाठवलं, सामान घेऊन येते म्हणाल्या. त्याच्या आदल्या महिन्यात त्यांच्या हाताखाली एक बाळंतीण दगावता दगावता वाचली होती, आणि त्या भीतीने त्यांचे पाय उचलेनात. म्हणून त्या प्रार्थनेला बसल्या. प्रभू, तूच तिला मोकळी कर, असं तासन्‌तास म्हणत राहिल्या. अंधार पडला तसं आता जाता येत नाही, असं मनाशी ठरवलं. सकाळी पोचल्या तेव्हा आई जगली होती, बाळ गेलं होतं. बाईंनी सांगितलं की ओढ्याला पाणी आलं होतं. सगळ्यांनी मान हलवली.

"त्या राती परार्थना करताना लई गोड वाटलं मला," बाई म्हणाल्या. "डोळ्याला पानी आलं. मला वाटलं, देव हितंच बसलाय माज्यापाशी. आनि तो तिकडं वाडीवर माजी वाट बघत हुता."

त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना धड प्रार्थना करता आली नाही. तोंड उघडलं की ओढा आठवायचा. रविवारी बाकीच्यांबरोबर सगळं म्हणायच्या, आणि परत आल्यावर उलट्या व्हायच्या. मधल्या काळात गुंजवणीचं धरण झालं, खोऱ्यातली गावं उठली, माणसं पांगली. बाईंनी त्या घराचा पत्ता शोधत शोधत शेवटी ते दूर एका पुनर्वसनाच्या वस्तीत गाठलं. बाळाचा बाप तोपर्यंत म्हातारा झाला होता. दारातच उभं राहून बाईंनी त्याला सांगितलं, की ओढ्याला पाणी नव्हतं, मी भ्याले होते म्हणून आले नाही.

म्हातारा म्हणाला, "आमाला म्हाईत हुतं बाई. दिवस मावळताना मी वढ्यापतूर परत आलतो तुमाला बघायला. घोट्याएवढंबी पानी नव्हतं." आणि म्हणाला, "सांगाल कवातरी, म्हनून गप हुतो. आता हातपाय धुवा, जेवूनच जावा."

"भात गिळता गिळंना," बाई म्हणाल्या. "पन येताना यष्टीत बसले आनि येशूचं नाव घेतलं, तर ते तोंडातनं सरळ बाहीर आलं. कुटं अडलं न्हाई. तवापासनं मी अडलं की थांबते. त्याला समदं म्हाईत असतंयच गं. आपुन त्याला काय बातमी देत न्हाई. आपलं लपायचं तेवढं थांबवायचं."

मी मग सगळं सांगितलं. वही, बटण, उणे दोन, तळाला सरकवलेल्या बाटल्या. सांगताना आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना पुढे वाकावं लागलं. मला वाटलं, आता त्या मला जवळ घेतील किंवा निदान नर्स म्हणून चार शब्द सुनावतील. त्यांनी फक्त विचारलं, किती बाळं? मी म्हटलं, अकरा. नावं माहीत आहेत? मी अकराच्या अकरा नावं म्हटली, वाडीच्या खालच्या घरापासून वरच्या घरापर्यंत, एकदाही न अडखळता. म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तीन आठवडे मी उठताबसता तेच करत होते.

बाई म्हणाल्या, "मंग परार्थना तर तू करतीयासच की. मी निराळी काय करू? फकस्त जायाचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिले. आमचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी ऐकलं, उठून स्वतः फ्रीजच्या तळाशी हात घातला आणि बाटल्या बाहेर काढल्या. तुलनेसाठी एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवावी लागते, त्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाटल्या हलवून त्यांनी खिडकीत ठेवल्या आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. दोन्हींतला गाळ एकाच वेगाने खाली बसला. लस गेलेली होती. त्यांनी वही उघडून माझ्या चार नोंदींवर बोट ठेवलं. पाचवर थोडा वेळ ठेवलं. मग म्हणाले, या पानावर माझी सही आहे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

नंतर जे व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली, मी खरं उत्तर लिहिलं, आणि अकरा महिने संपल्यावर नवी ऑर्डर आली नाही. पाच महिने मी घरी होते. भाड्याचं कसं करायचं म्हणून मी खोली सोडायला निघाले तर बाईंनी माझी पेटी उचलून आत नेऊन ठेवली. आता मी हायवेजवळच्या एका खासगी दवाखान्यात काम करते, किकवीहून जा-ये करते. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्याजवळ होते. भीती वाटते का, असं मी त्यांना विचारलं, तर नेहमीसारखं आत जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "व्हय, वाटतीय की. पन निसती भीती हाय. तिच्या आड काय न्हाई." त्या वाक्याने मला अजूनही धीर येतो, का ते नीट सांगता येत नाही.

पण मला सांगायचा आहे तो नोटीस यायच्या आधीचा दिवस, वाडीवर परत गेल्याचा. डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या सिस्टरला पाठवतो, तुम्ही नका जाऊ, लोक चिडतील. मी म्हटलं, मीच जाते. म्हटलं खरं, पण दारात उभं राहून काय बोलायचं ते रात्रभर जुळवत होते. सकाळी स्कूटी काढली तर बाई चपला घालून तयार. गुडघा धरून मागे बसल्या आणि म्हणाल्या, चल. त्यांना नेणं नियमात बसत नव्हतं. पण आता नियमाचं मी कोणत्या तोंडाने बोलणार होते?

भाताची कापणी झालेली, खळ्यांवर झोडणी चालू होती. मी लसीचा डबा खांद्याला लावून पहिल्या दारात उभी राहिले आणि सांगितलं. दिवाळीच्या आठवड्यात दिलेली लस खराब होती, चूक माझी आहे, मी लपवली होती, आता परत द्यावी लागेल. पहिल्या घरातली आजी खवळून माझ्या अंगावर आली. दुसऱ्या घरात बापाने सरपंचांना फोन लावला आणि माझं नाव विचारून घेतलं. एका आईला काही कळलंच नाही. ती हसून चहा टाकू का म्हणाली, आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तिचं हसणं हळूहळू गेलं ते बघणं सगळ्यांत वाईट होतं. पण दारं बंद झाली नाहीत. शिव्या देत, रडत, एकमेकींना विचारत त्या बाळं पुढे करत होत्या.

बाई वाडीच्या तोंडाशी पारावर बसल्या होत्या, डोळे मिटून, हात मांडीवर. प्रत्येक घरातून बाहेर पडले की मी तिकडे बघायचे आणि मला बळ यायचं. दहा घरं झाल्यावर पाणी प्यायला त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, बाई, तुम्ही प्रार्थना करत होतात म्हणून मी उभी राहू शकले. त्यांनी डोळे चोळले. म्हणाल्या, "न्हाई गं. डोळा लागलता माजा."

अकरावं घर सगळ्यांत वर होतं. आई माझ्याहून लहान, केसांत पेंढ्याचे तुकडे, नुकतीच खळ्यावरून आलेली. खालच्या घरांतली बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. ती उंबऱ्यात बाळाला पदराखाली घेऊन उभी होती आणि बाजूला होत नव्हती. मी सांगितलं. माझा घसा बसला होता, तरी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "हे अजून कुनाला ठाव हुतं?"

"कुणालाच नाही."

"तुमी बोलला नसता तर आमाला कळलं असतं का?"

"नाही."

"ह्याला कायबी झालं असतं तर?"

मी म्हटलं, "तरी कळलं नसतं. लस देऊनही झालं, असंच सगळे म्हणाले असते."

तिने बाळाला दुसऱ्या कुशीवर घेतलं. खळ्यावरून झोडणीचा आवाज येत होता. मी सांगितलं, की माझ्या हातून नको असेल तर उद्या दुसऱ्या सिस्टर येतील, चांगल्या आहेत, मी तसं लिहून ठेवते. माझी काही हरकत नाही. हरकत होती, रडू येत होतं, पण तिच्यापुढे रडायचा मला हक्क नव्हता.

ती उंबऱ्यात खाली बसली. बाळाला मांडीवर आडवं घेतलं, त्याचं झबलं वर केलं आणि डावी मांडी पदराने पुसली.

"तुमीच टोचा," ती म्हणाली. "राग हाय मला, लई हाय. पन ती दुसरी चुकली तर सांगंल का न्हाई, मला काय म्हाईत."